आधी कोणता पाहावा?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या मशीन शॉपमध्ये मी सोळा वर्षांपासून प्रॉडक्शन प्लॅनिंगचे काम पाहते, तिथे मार्चअखेरीला जुनी जॉब रजिस्टरे बाद होतात आणि त्यांतली मागची कोरी पाने ज्याला हवी त्याने घरी न्यावीत असा रिवाज आहे. अशाच एका रजिस्टरात मी पाहायच्या विज्ञानकथापटांची यादी लिहू लागले. मोठ्या स्टुडिओंचे, शहरेच्या शहरे जमीनदोस्त करणारे चित्रपट त्यात नव्हते. थोडक्या पैशांत आणि स्वतःच्या हिकमतीवर केलेले, स्वतंत्र म्हणावेत असे तेवढेच होते. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ती पाने मोजली, तेव्हा नावे १४२ भरली आणि त्यांपैकी पाहून झालेले चित्रपट निघाले नऊ. कामावर १४२ जॉब घेऊन त्यांतले नऊच डिस्पॅच झाले असते, तर मालकांनी मला चहा पाजून सन्मानाने घरी पाठवले असते.

यादी सुरू झाली ती २०२० च्या सप्टेंबरात. आरती कदव या दिग्दर्शिकेचा ‘कार्गो’ हा हिंदी चित्रपट तेव्हा नेटफ्लिक्सवर आला होता आणि मी तो रात्रीची भांडी आवरल्यावर मोबाईलवर पाहिला. त्यातल्या पुष्पक नावाच्या अंतराळयानात एक राक्षस नोकरी करतो. मेलेली माणसे त्याच्याकडे येतात, तो त्यांच्या वस्तू काढून घेतो, जखमा बऱ्या करतो, आठवणी पुसतो आणि त्यांना पुढच्या जन्मासाठी रवाना करतो. हे सगळे एखाद्या तालुका कचेरीतल्या संथपणाने चालते. यानातली यंत्रे जुन्या रेडिओच्या दुकानातून उचलून आणल्यासारखी दिसतात आणि तरीही पाचव्या मिनिटाला आपण त्यांवर विश्वास ठेवलेला असतो. शाळेत असताना सार्वजनिक वाचनालयातून आणलेली जयंत नारळीकरांची पुस्तके मी झपाटल्यासारखी वाचली होती. पण वाचताना डोळ्यांपुढे उभे राहते तसे काही पडद्यावर, तेही आपल्या माणसांना घेऊन आणि एवढ्या साधनांत करता येते, हे मला त्या रात्री प्रथमच कळले. असे आणखी काय काय असेल, या हावरटपणातून यादी वाढत गेली.

शोध घ्यायला बसले, तेव्हा पहिले काही महिने फुकट गेले. ‘कमी खर्चातले उत्तम विज्ञानकथापट’ असे शोधले की जिथे जावे तिथे तीच दहाबारा नावे भेटत, फक्त क्रम बदललेला असे. दार उघडले ते एका पुरस्कारामुळे. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात आल्फ्रेड पी. स्लोन फाउंडेशनच्या नावाने विज्ञान किंवा तंत्रज्ञान हा गाभा असलेल्या चित्रपटाला दरवर्षी एक पुरस्कार दिला जातो. त्याच्या विजेत्यांची नुसती नावे वाचत गेले, तरी २००४ चा ‘प्रायमर’, २००८ चा ‘स्लीप डीलर’, २०११ चा ‘अनदर अर्थ’, २०१२ चा ‘रोबो अँड फ्रँक’, २०१७ चा ‘मार्जोरी प्राइम’ असा ऐवज हाती लागला. त्यातले सगळेच विज्ञानकथा नव्हेत. २०१२ मध्ये ‘रोबो अँड फ्रँक’बरोबर हा पुरस्कार वाटून घेणारा ‘व्हॅली ऑफ सेंट्स’ चक्क काश्मीरच्या दल सरोवरातला निघाला आणि त्यात ना रोबो होता ना परग्रह. तरीही एखाद्या सामान्य यादीपेक्षा ही वाट शंभर पटींनी बरी होती, कारण निवड करणाऱ्यांना विज्ञान म्हणजे केवळ स्फोट नव्हेत हे ठाऊक होते. पुढे स्पेनमधला सिचेसचा आणि कॅनडात मॉन्ट्रियलला भरणारा फँटेजिया, या अद्भुतपटांना वाहिलेल्या महोत्सवांचे कार्यक्रमही मी जुन्या वर्षांपासून चाळले.

दुसरी वाट माणसांच्या मागून जाण्याची होती. ‘अनदर अर्थ’मध्ये प्रमुख काम करणारी ब्रिट मार्लिंग त्या चित्रपटाची सहलेखिकाही आहे, तिचा माग काढत गेले तर त्याच वर्षीचा ‘साउंड ऑफ माय व्हॉइस’ मिळाला, आणि ‘अनदर अर्थ’चा दिग्दर्शक माइक काहिल याच्या मागून गेले तर २०१४ चा ‘आय ओरिजिन्स’ मिळाला, ज्याची कथा शेवटी भारतात येऊन पोहोचते. एक नाव दुसऱ्याकडे बोट दाखवते आणि दुसरे तिसऱ्याकडे. यात तोटा एकच, की शोधण्याचा आनंद पाहण्यापेक्षा जास्त होऊ लागतो आणि रजिस्टराची पाने भरत जातात.

मधेच ‘स्वतंत्र’ कशाला म्हणायचे याचा घोळ झाला. प्रथम मी खर्चाची रेघ ओढली होती. ‘प्रायमर’ सुमारे ७,००० डॉलरमध्ये झाला, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वातीन लाख रुपयांच्या आत-बाहेर. एवढ्यात आमच्याकडे एखादी वापरलेली लेथ येईल. चंद्रावर घडणारा ‘मून’ मात्र ५० लाख डॉलरचा. या दोघांना एका पानावर कसे बसवायचे? भाच्याने, जो इथेच इंजिनिअरिंग शिकतो आणि ज्याला माझ्या यादीची माझ्यापेक्षा जास्त काळजी असते, सुचवले, “मावशी, शेवटची कात्री कोणाच्या हातात होती ते बघ ना.” पैसे किती यापेक्षा चित्रपट शेवटी कसा असावा हे कोण ठरवते, ही कसोटी मला पटली आणि रेघ मी खोडली. आज विचाराल तर हा प्रश्न मी फारसा ताणत नाही. सरकारी पैशावर झालेला एखादा जुना रशियन चित्रपटही माझ्या यादीत गुपचूप बसलेला आहे.

मुख्य अडचण निवडीची होती. मी जे रोज करते तेच इथेही केले: तक्ता आखला. पुरस्कार, प्रेक्षकांचे गुण, वर्ष, लांबी, कुठे मिळतो असे रकाने पाडले, प्रत्येकाला भार दिला, बेरजा केल्या आणि १४२ नावे उतरत्या क्रमाने लावली. तक्ता देखणा झाला. त्यानंतरच्या चार महिन्यांत मी त्यातले तीन चित्रपट पाहिले. पहिल्या क्रमांकाचा चित्रपट हा नेहमी ‘नीट बसून पाहायचा’ असतो, आणि नीट बसायचा दिवस काही येत नाही. शनिवारी साडेनऊला लॅपटॉप उघडावा, यादीतले पहिले नाव वाचावे, आज तेवढे डोके चालणार नाही असे म्हणून एखादी पाहिलेलीच मालिका लावावी, असे सलग कित्येक शनिवार झाले. शिवाय दुसऱ्या क्रमांकाचा जो चित्रपट मी पाच महिने मानाने राखून ठेवला होता, तो एके दिवशी ज्या ओटीटी मंचावर होता तिथून नाहीसाच झाला. त्याच्या प्रदर्शनाचा करार संपला असावा. आपल्या तक्त्यात ‘कधीपर्यंत मिळेल’ हा रकानाच नव्हता, हे तेव्हा ध्यानात आले, आणि खरे सांगायचे तर लाजही वाटली, कारण डिलिव्हरीची तारीख न पाहता कामाचा क्रम लावणाऱ्या शिकाऊ मुलांना मी स्वतः फैलावर घेते.

मग शॉपमधलीच रीत उसनी घेतली. मशीनवर जॉब लावताना आम्ही दोन गोष्टी पाहतो: कोणाची तारीख जवळ आली आहे आणि मशीनवर आता कोणते सेटिंग चढलेले आहे. एकदा फिक्स्चर, म्हणजे जॉब पक्का धरणारे साधन, बसवले की त्याच फिक्स्चरवर निघणारे सगळे जॉब ओळीने काढून घ्यायचे, म्हणजे सेटिंगचा वेळ वाचतो. तारखेचा नियम चित्रपटांना जसाच्या तसा लागू पडला. जो निघून जाणार तो आधी. विकत घेतलेली डिस्क घरात आहे, ती कुठे पळून जात नाही. सेटिंगच्या नियमाने मात्र मला फसवले. काळाशी खेळणारे चित्रपट मी एका ओळीत लावले: ‘प्रायमर’, मग नाचो विगालोंदोचा २००७ चा स्पॅनिश ‘टाइमक्राइम्स’, मग जपानचा २०२० चा ‘बियॉन्ड द इन्फिनिट टू मिनिट्स’. ‘प्रायमर’ने मला पहिल्याच रात्री चीत केले. त्यातले दोन इंजिनिअर गॅरेजमध्ये काहीतरी जुळवत बसलेले असतात, पॅलॅडियम हवे म्हणून गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढतात, आणि आपापसांत असे बोलतात की प्रेक्षक तिथे आहे याची त्यांना जाणीवच नाही. आमच्या टूलरूममधली माणसे अगदी अशीच बोलतात, म्हणून तो भाग मला फार आवडला. पण त्यांच्या पेटीचा नियम असा, की ती सुरू केली त्या क्षणाच्या मागे जाता येत नाही आणि सहा तास मागे जायचे तर सहा तास तिच्यात पडून राहावे लागते. हा नियम डोक्यात शिरेपर्यंत चित्रपटाची ७७ मिनिटे संपत आलेली असतात. मी कागदावर रेघा मारून कोण कुठल्या दुपारी दोनदा वावरतो हे मांडू लागले, तो कागद अजून रजिस्टरात आहे आणि तो अर्धवटच आहे.

ओळ उलटी असायला हवी होती. जपानी चित्रपटात एका कॅफेच्या मालकाला आपल्या खोलीतल्या संगणकाच्या पडद्यावर दोन मिनिटांनंतरचा स्वतःचाच चेहरा दिसतो; खाली कॅफेत दुसरा पडदा, आणि त्या दोन मिनिटांच्या फटीवर क्योतोतल्या एका नाटकमंडळीने सत्तर मिनिटांचा चित्रपट एकाच सलग शॉटमध्ये घेतल्यासारखा उभा केला आहे. तो हलका आहे, हसवतो, आणि हसवता हसवता काळाचा हिशेब कसा ठेवायचा हे शिकवून जातो. त्यानंतर ‘टाइमक्राइम्स’ आणि मग कधीतरी ‘प्रायमर’, असा क्रम मी आता कोणालाही सांगेन. मात्र एका आठवड्यात तिन्ही नकोत. एकाच फिक्स्चरवरचा तिसरा जॉब यंत्राला कंटाळवाणा होत नाही, माणसाला होतो.

खरा मार्ग सापडला तो नारळीकरांच्याच एका जुन्या हकिकतीतून. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली विज्ञानकथा पाठवली ती स्वतःच्या नावाने नव्हे. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप असे नाव त्यांनी घेतले आणि त्या नावानेच कथेला बक्षीस मिळाले. नाव झाकले की गोष्ट आपल्या पायावर उभी राहते की नाही ते कळते. मी माझ्या यादीचे तेच केले. प्रत्येक चित्रपटाची एक चिठ्ठी केली आणि तिच्यावर नाव, दिग्दर्शक, देश, पुरस्कार यांतले काहीही न लिहिता केवळ एक वाक्य लिहिले: या चित्रपटाने जगाचा कोणता एक नियम बदलला आहे? ‘आकाशात हुबेहूब दुसरी पृथ्वी दिसू लागते.’ ‘निरोप समारंभाला जमलेल्या मित्रांना प्राध्यापक सांगतो की आपण चौदा हजार वर्षे जगतो आहोत.’ ‘चंद्रावर एकटा काम करणारा माणूस तीन वर्षांची मुदत संपत आली असता आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला भेटतो.’ ज्या चित्रपटाचे असे वाक्य मला लिहिताच आले नाही, तो बाजूला ठेवला. अशा रीतीने सुमारे चाळीस नावे गळाली, त्यांत काही बक्षीसपात्रही होती. चिठ्ठ्या कुंद्याच्या रिकाम्या डब्यात गेल्या आणि डबा हॉलमधल्या शोकेसवर. जे लवकर निघून जाणार होते, त्यांच्या चिठ्ठीचा कोपरा दुमडला.

थोड्या पैशांत काम करणाऱ्यांना एकच नियम बदलणे परवडते, आणि तो बदलला की बाकीचे जग जसेच्या तसे ठेवावे लागते, कारण दुसरे जग बांधायला पैसे नसतात. ती अडचण त्यांच्या पथ्यावर पडते. जेम्स वॉर्ड बर्किटचा २०१३ चा ‘कोहिरन्स’ दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत चित्रित झाला. नटांच्या हाती पूर्ण पटकथा नव्हती, प्रत्येकाला त्या दिवसापुरत्या आपापल्या सूचना तेवढ्या मिळत, त्यामुळे पडद्यावर दिसणारा गोंधळ बराचसा खरा आहे. धूमकेतू जवळून जात असताना आठ मित्र जेवायला जमतात, वीज जाते, बाहेर पाहावे तर सगळीकडे काळोख आणि पुढच्या एका घरात मात्र दिवे लागलेले. त्या घरात कोण आहे हे पाहायला दोघे निघतात. एवढेच सांगते.

आम्ही तो जुलैमधल्या एका रात्री पाहिला. बेळगावचा जुलै ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगायला नको; तीन दिवस पाऊस थांबलेला नव्हता आणि टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीत चिखलाने चपला निघत होत्या. चित्रपटात वीज गेली आणि त्यानंतर दहाएक मिनिटांत आमच्याकडेही गेली. पंखा क्षणभर अडखळला आणि इन्व्हर्टरवर पुन्हा फिरू लागला. गल्लीत दुसऱ्या कोणाकडे इन्व्हर्टर नसावा, कारण मुलाने खिडकीतून पाहिले तर रेल्वे गेटपर्यंत काळोख होता आणि दिवा फक्त आमच्या हॉलमधला. पडद्यावरचे दोघे त्या उजेडाच्या घराकडे चालत असताना आमच्या दारावर थाप पडली. मुलगा ओरडलाच. दार उघडले तर शेजारचे काका, डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात बंद पडत आलेला मोबाईल. म्हणाले, “वहिनी, तुमच्यात तेवढी लाइट हाय काय? एवढा फोन लावूया म्हटलं.” त्यांना आम्ही आत घेतले, फोन चार्जिंगला लावला, चहा दिला, आणि ते उरलेला चित्रपट उभ्याउभ्याच पाहत राहिले, कारण ओल्या कपड्यांनी खुर्चीवर बसायला तयार नव्हते. चार दिवसांनी भाजी घेताना भेटले तेव्हा त्यांनी विचारले, की शेवटी ती बाई कुठल्या घरातली. मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर डब्यातली चिठ्ठी निघाली की काकांना सांगायचे, असे ठरून गेले.

चिठ्ठी काढण्याचे काम सासूबाईंकडे होते. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, इंग्रजी वाचत नाहीत, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न नव्हता. आमची वाचनाची पद्धत अशी, की उपशीर्षके मुलगा मराठीत मोठ्याने सांगतो, आणि घाई झाली की अर्धी गाळतो. ‘मार्जोरी प्राइम’ची चिठ्ठी त्यांनीच काढली. स्मृती क्षीण होत चाललेली एक म्हातारी आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या प्रतिमेशी रोज गप्पा मारते, प्रतिमा तिच्याकडूनच आठवणी ऐकून शिकत जाते, आणि तिने निवडलेली प्रतिमा नवऱ्याच्या तरुणपणीची आहे. चित्रपट म्हणजे समुद्राकाठच्या घरातल्या नुसत्या गप्पा. हा त्यांना पेलेल की नाही, अशी मला धास्ती होती, कारण सासरे जाऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. वीस मिनिटांनी त्या म्हणाल्या, “तरणाताठा कशाला आणलाय गं तिनं? म्हातारा असता तर भांडायला तरी आलं असतं.” त्या चित्रपटावर यापेक्षा नेमके काही मी कुठे वाचलेले नाही.

‘स्लीप डीलर’ची चिठ्ठी मात्र मी मुद्दाम वर ठेवली, आणि चिठ्ठ्यांचा नियम मी पहिल्यांदा मोडला तो तेव्हा. तिच्यावर मी लिहिले होते: ‘माणसे सीमेच्या अलीकडे राहतात, त्यांचे कष्ट तेवढे पलीकडे जातात.’ अलेक्स रिवेराच्या या चित्रपटात सीमा बंद झालेली आहे. मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या कारखान्यात कामगार अंगात तारा जोडून उभे राहतात आणि त्यांच्या हालचालींनुसार अमेरिकेतले यंत्रमानव बांधकाम करतात. शेजारच्या देशाला मजूर नको, मजुरी हवी. भाचा चिठ्ठी वाचून म्हणाला, “मावशी, हे तर शिनोळीचंच झालं की.” शिनोळी इथून जवळच, पण महाराष्ट्रात, तिथल्या औद्योगिक वसाहतीत बेळगावचे पुष्कळ लोक रोज हद्द ओलांडून जातात आणि संध्याकाळी परत येतात. त्याची तुलना ताणलेलीच होती, कारण आमच्या हद्दीवर कोणी अडवत नाही, आणि इथल्या सीमेचे दुखणे निराळे आहे. पण सीमा हा शब्द ज्या गावात लहानपणापासून कानांवर पडतो, तिथे तो चित्रपट परका राहत नाही.

सासूबाईंना त्यातले कारखाने कळले नाहीत. त्यांनी धरले ते पाणी. नायकाच्या गावाजवळची नदी धरण बांधून एका कंपनीने अडवलेली असते. बाप आणि मुलगा कातडी पिशव्या घेऊन धरणावर जातात, तिथे बंदूक लावलेला कॅमेरा त्यांच्याकडे वळतो, पैसे घातल्यावर तेवढे पाणी मिळते. सासूबाईंचे माहेर खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ. मलप्रभेचा उगम तिथला, आणि म्हादईचे पाणी वळवण्यासाठी कळसा नाल्यावर केलेले खोदकाम त्यांनी माहेरी जाता-येता पाहिलेले. मुलगा उपशीर्षके सांगत होता, त्यांनी हात वर करून त्याला थांबवले आणि तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यांनी विचारले, किती मागितले रे त्याने? मुलाने आकडा सांगितला. “आणि देतोय बघ गप्प,” एवढेच म्हणाल्या आणि उरलेला चित्रपट न पाहता झोपायला गेल्या. हा चित्रपट माझ्या तक्त्यात एकसष्टावा होता.

जवळचे शोधायला मी सर्वांत उशिरा सुरुवात केली, हे कबूल करायला हवे. कामावर माझ्या शेजारच्या टेबलावर अकाउंट्स पाहणारी मैत्रीण कन्नडभाषक आहे, डबा खाताना माझे ‘प्रायमर’पुराण बरेच दिवस ऐकून तिने शांतपणे विचारले, “‘लुसिया’ पाहिलास का?” पवन कुमारचा २०१३ चा हा कन्नड चित्रपट प्रेक्षकांकडूनच वर्गणीसारखे पैसे उभे करून झाला, शंभराहून अधिक लोकांनी मिळून सुमारे पन्नास लाख रुपये महिनाभराच्या आत दिले. थिएटरात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवणारा एक पोऱ्या, त्याला झोप येत नाही, तो एक गोळी घेतो आणि रोज रात्री हवे ते, सलग पुढे चालणारे स्वप्न पाहू लागतो. त्यात तो मोठा नट आहे. एक जग रंगीत आहे आणि दुसरे कृष्णधवल. आमच्या घरात कन्नड सगळ्यांना कळते, त्यामुळे त्या रात्री मुलाला दुभाष्याचे काम नव्हते. कितीतरी दिवसांनी माझी नजर पडद्याच्या खालच्या कडेवरून सुटली, आणि उपशीर्षके वाचताना आपण नटांचे डोळे, मागचा प्रकाश, भिंतीवरचे घड्याळ असे किती काय गमावत आलो हे जाणवले. ‘प्रायमर’ न कळण्यात माझ्या बुद्धीपेक्षा त्या खालच्या ओळींचा वाटा मोठा होता, असे मी आता मानते; भाचा मानत नाही.

तेव्हापासून चिठ्ठीच्या पाठीमागे भाषा लिहिते. कन्नड, हिंदी, मराठी असेल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशीही चालतो. उपशीर्षकांचा असेल तर शनिवार. मल्याळममधला ‘अँड्रॉइड कुंजप्पन’, ज्यात केरळमधल्या एका गावातला हट्टी म्हातारा मुलाने आणलेल्या रोबोला आधी हाकलतो आणि मग पोटच्या पोरासारखा जपतो, सासूबाईंनी दोनदा पाहिला. मराठीत या वाटेने जाणारे फार थोडे. सुजय डहाकेचा २०१६ चा ‘फुंतरू’ मी आवर्जून पाहिला, त्यातली कल्पना आवडली, चित्रपट तितका नाही.

एकदा पणजीला इफ्फीलाही गेले. इथून चोर्ला घाटाने गेले की सकाळी निघालेला माणूस जेवायच्या आत पोहोचतो, आणि एवढ्या जवळ असा महोत्सव भरत असताना इतकी वर्षे आपण घरात नावे लिहीत बसलो याचे वाईट वाटले. मला हव्या असलेल्या खेळाला मात्र मी मुकले. चूक माझीच, निघताना गॅस, कुलूप, डबे करत तासभर उशीर केला, आणि घाटात पुढे मालाचा ट्रक लागला. तिथे वेळ काढायला जो शिरले तो पोर्तुगीज चित्रपट विज्ञानकथा नव्हता आणि लांब होता. पण रांगेत पुढे उभ्या असलेल्या कोल्हापूरच्या एका मुलीने मला तीन नावे सांगितली, आणि त्यांतली दोन माझ्या रजिस्टरात नव्हती. ती तिकिटाच्या मागे लिहून आणली.

डब्यात आता अडतीस चिठ्ठ्या आहेत. कधी घटतात, कधी वाढतात. रजिस्टर मी भाच्याला देऊन टाकले, तक्ता त्यातच गेला. उद्या रविवारी दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते चार वीज बंद राहणार असल्याचे आज पेपरात आले आहे. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली, ती पंख्यापुरतीच टिकते, आणि लॅपटॉप पन्नास मिनिटांच्या वर चालत नाही. म्हणून आज सासूबाईंना डब्यात हात घालू दिला नाही. ‘ला जेते’ची चिठ्ठी मीच काढून बाजूला ठेवली: क्रिस मार्कर, १९६२, लांबी २८ मिनिटे, एक क्षण सोडला तर सगळी स्थिरचित्रे. काकांना साडेदहाला यायला सांगितले आहे. लॅपटॉप चार्जिंगला लावला आहे.